कन्सल्टंट कशाला? ठेकेदार आहे की!

बीबी का मकबरा आमच्या गावातल्या प्रत्येकाने निदान दहा वेळा तरी पाहिलेला असतो. एकदा शाळेच्या सहलीत आणि उरलेल्या नऊ वेळा बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून. 'ताजची गरीब कॉपी' हे ऐकून घ्यायचं, आपणही हसायचं, बाहेर येऊन उसाचा रस प्यायचा आणि घरी. पण मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर एक लेख आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. त्यात दोन माणसांची नावं आहेत. अताउल्ला हा वास्तुरचनाकार, आणि हंसपत राय हा अभियंता. अताउल्ला म्हणजे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने इमारत उभी केली, आणि दोघांची नावं दारावर लागली. खर्चाचाही आकडा मिळतो. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त तो ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे असा दिलाय. वरचे सात आणेसुद्धा!

म्हणजे सतराव्या शतकात या गावात आखणारा वेगळा, उभारणारा वेगळा आणि हिशेब लिहिणारा तिसराच होता. आणि आज आपण आयुष्यभराची कमाई घालून घर बांधतो तेव्हा ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घालतो. तो म्हणजे ठेकेदार.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे आमचंही घर बांधून होत आलंय. मी पुण्यात, आई-बाबा संभाजीनगरला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं हेच चित्र असणार. आपण हिंजवडीत किंवा बंगळुरात कोड लिहितोय, आणि गावाकडे निवृत्त वडील डोक्याला रुमाल बांधून साइटवर उभे. पैसे निम्मे त्यांच्या ग्रॅच्युइटीचे, निम्मे आपल्या होम लोनचे. निर्णय मात्र सगळे 'पाहुण्यांच्या ओळखीतला, विश्वासाचा माणूस' घेतो.

बाबांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "कन्सल्टंट कशाला? ठेकेदार आहे की. तीस वर्षं घरं बांधतोय माणूस." दुसरा वार त्याहून जोरदार. "तुझ्या आजोबांनी गावाकडे वाडा बांधला, तो काय कन्सल्टंटला विचारून?"

आता या दुसऱ्या प्रश्नाला उडवून लावणं सोपं आहे, पण तो प्रश्न खरा आहे. आजोबांच्या वाड्यात दगड, माती, चुना, सागाची लाकडं. भिंत किती जाड आहे ते दिसायचं, तुळई कुठे टेकली आहे ते दिसायचं. गवंडी त्याच पंचक्रोशीतला, आजोबा दिवसभर ओट्यावर बसलेले. चूक झाली तर ती उघडी पडायची. (तरीही ती पद्धत अगदी निर्धोक होती असं मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, ती बहुतेक अशाच दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाब्याची छपरं अंगावर आल्यामुळे. आणि तेव्हाच्या नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.)

आरसीसीचं तसं नाही. आरसीसीमध्ये जे महत्त्वाचं असतं ते सगळं आत जातं. पाया जमिनीत जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, काँक्रीट प्लास्टरमागे आणि प्लास्टर रंगामागे. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांना दिसते ती टाइल, फॉल्स सीलिंग आणि देवघराचा संगमरवर. ज्यावर घर उभं आहे त्यातलं काहीच दिसत नाही. ते बघायची संधी मिळते फक्त काही तास, खड्डा खणल्यावर तो भरण्याआधी आणि सळई बांधल्यावर काँक्रीट पडण्याआधी. त्या काही तासांत तिथे कोण उभं आहे, आणि त्याला पगार कोण देतंय, एवढाच सगळा प्रश्न आहे. माझ्या मते कन्सल्टंटची फी आपण देतो ती या तासांसाठी. ड्रॉइंगसाठी नव्हे.

ठेकेदार वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. आमचा तर चांगलाच आहे, शब्दाचा पक्का. पण तो चौरस फुटाच्या भावाने काम घेतो. पाया एक फूट खोल गेला तर त्याच्या खिशातून जातो, किंवा तुमच्याशी भांडण होतं. स्लॅब एक दिवस लांबला तर त्याची माणसं बसून खातात. अशा माणसाला 'तूच कर आणि बरोबर केलंस का तेही तूच सांग' म्हणणं हा त्याच्यावरही अन्यायच. आमच्या धंद्यात डेव्हलपर आपलाच कोड आपणच पास करून शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायला लागला, तर शनिवारी पहाटे कोणाचे फोन वाजतात हे सांगायला नको :-)

तर आम्ही एक स्ट्रक्चरल इंजिनियर गाठल्या. बाबांच्या भाषेत 'आरसीसीवाल्या मॅडम'. घराचा नकाशा आर्किटेक्टने आधीच केला होता. (इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो. खोल्या कुठे, खिडक्या कुठे, जिना कसा हे आर्किटेक्टचं काम. तो भार जमिनीपर्यंत कसा न्यायचा, कॉलम केवढा, सळई किती, हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं. आणि मोठ्या कामावर वेळ, पैसा आणि दर्जा या तिन्हींवर मालकाच्या वतीने लक्ष ठेवणारा तिसरा असतो, त्याला पीएमसी म्हणतात. १,८०० फुटांच्या घराला तो लागत नाही.) मॅडमनी पहिल्याच भेटीत ड्रॉइंग वगैरे काही काढलं नाही. विचारलं, "माती तपासली का?"

आमचा प्लॉट देवळाईच्या बाजूला. बीड बायपासच्या पलीकडचा हा सगळा पट्टा मुळात शेतजमीन. काळी कसदार. कापसाला उत्तम, घराला वैताग. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टेकवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होत राहतं आणि भिंतींवर तिरप्या भेगा उमटतात. म्हणून काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत जायचं, हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. ठेकेदाराने बाबांना तेच सांगितलं होतं. "काका, या भागात पाच फुटांवर मुरूम लागतोच. मी याच गल्लीत चार घरं केलीत."

आणि खरंच, जेसीबीने तीन कोपऱ्यांत खड्डे घेतले तर साडेचार-पाच फुटांवर पिवळसर मुरूम लागला. ठेकेदार माझ्याकडे बघून हसला. (मी त्या वीकेंडला मुद्दाम गेलो होतो.) चौथा खड्डा कुठे घ्यायचा ते मॅडमनी अजून सांगितलं नव्हतं. शेजारच्या पडीक प्लॉटवर एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन बसले होते. मॅडम त्यांच्याकडे गेल्या आणि विचारलं, "बाबा, प्लॉट पडायच्या आधी इथं काय होतं?" ते म्हणाले, "त्या अंगाला हीर होती ना. बुजवली नंतर."

हीर म्हणजे विहीर. खड्डा तिथे घेतला. पाच फूट झाले, मुरूम नाही. सात फुटांवर विटांचे तुकडे, चिंध्या आणि एक प्लॅस्टिकची दुधाची पिशवी निघाली. पिशवीवरची छपाईसुद्धा वाचता येत होती. आठ फुटांवरही पहार हाताने दाबली तरी आत जात होती. विहिरीचा काठच लागला होता आम्हाला, आणि ठेकेदाराच्या हिशेबाने बरोब्बर त्यावर आमच्या हॉलचा कोपऱ्याचा कॉलम येणार होता.

तीन कोपरे घट्ट मुरमावर आणि चौथा दुधाच्या पिशवीवर!

यात ठेकेदाराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याने गल्लीतली चार घरं केली होती, त्या चारांखाली विहीर नव्हती. अनुभव म्हणजे शेवटी तेच, आधीची चार घरं. कन्सल्टंटने काय केलं, तर पाचवं घर वेगळं असू शकतं हे गृहीत धरलं आणि जाऊन शेळ्यावाल्या आजोबांना विचारलं. संभाजीनगरच्या भोवती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतं, नाले, दगडाच्या खाणी बुजवून जेवढे प्लॉट पडलेत, त्यातले कित्येक गुंठेवारीत नुसत्या बाँडवर विकले गेलेत. जमिनीचा कागद जिथे धड नाही, तिथे जमिनीच्या पोटात काय आहे याची नोंद कुठून असणार? सातबारावर विहीर दिसते कधीकधी. पण सातबारा बघतो कोण, आणि बघितला तरी त्यावरून विहिरीची नेमकी जागा कोण काढणार?

त्या कोपऱ्यासाठी अकरा फुटांपर्यंत खाली जावं लागलं. खर्च वाढला एक लाख दहा हजारांनी. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग मॅडमचं डिझाईन आलं, त्यात वरच्या बीममधली सळई ठेकेदाराच्या अंदाजापेक्षा सुमारे सहाशे किलो कमी भरली. ठेकेदार ठोकताळ्याने सगळीकडे सारखी जाड सळई टाकतो (त्याचंही बरोबर आहे, त्याला गणित करायचं नसतं, निवांत झोपायचं असतं). म्हणजे पैसा वरून थोडा कमी झाला आणि खाली गेला. पूर्ण भरपाई झाली नाही, पण बाबा बोलायला लागले.

आता फीचं सांगतो, कारण खरी अडचण तिथेच असते. माती तपासणी, डिझाईन आणि ठरलेल्या साइट व्हिजिट मिळून आम्ही ७२ हजार दिले. घराचं बजेट ३८ लाख. म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. मॉड्युलर किचनला आपण याच्या दुप्पट-तिप्पट मोजतो आणि फोटो टाकतो. वास्तुशास्त्रवाल्याला तर पाकीट देताना घासाघीससुद्धा करत नाही, उलट वाकून नमस्कार करतो. (आमच्याकडेही एक येऊन गेले. त्यांनी ईशान्येचं बघितलं, विहिरीचं त्यांनाही कळलं नाही.) इंजिनियरची फी मात्र 'नुसत्या कागदाचे एवढे?' अशी टोचते. कारण त्यातून मिळतं काय, तर न पडलेली भेग. ती पाहुण्यांना दाखवता येत नाही.

पण मंडळी, कन्सल्टंट नेमला की सुटलो असंही नाही, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परवानगीच्या फाइलला स्ट्रक्चरल इंजिनियरची सही लागते. जिथे सही लागते तिथे नुसती सही विकत मिळायला लागते. साइट न बघता मारलेला शिक्का म्हणजे कन्सल्टंट नसण्यापेक्षा वाईट, कारण आता सगळे निर्धास्त होतात.

मुंबईतला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल आठवा. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी ऐन गर्दीत कोसळला, सात माणसं गेली. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापरायला ठीक आहे असं त्यात म्हटलं होतं. नंतर ऑडिटरला अटकही झाली. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली, सोळा जण गेले. गुन्हा दाखल झालेल्यांत बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारही होते. म्हणजे कागदोपत्री सगळी माणसं हजर होती.

तिसरं उदाहरण मालवणचं. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत. त्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणून ज्यांचं नाव आलं, त्यांचं म्हणणं असं की आपण फक्त चौथऱ्याचं काम केलं, पुतळ्याशी आपला संबंध नाही. त्यांना अटक झाली, पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चौथरा कोणाचा, पुतळा कोणाचा, आणि दोन्ही मिळून उभं राहणार की नाही हे बघायचं काम नेमकं कोणाचं? हे पडल्यानंतर विचारायला लागलं, यातच सगळं आलं. आमच्या प्रोजेक्ट्समध्ये 'ते आमच्या मॉड्यूलमध्ये येत नाही' हे वाक्य दिवसातून पाच वेळा ऐकू येतं. तिथे फार तर वेबसाइट बंद पडते.

म्हणून आम्ही मॅडमबरोबरच्या कागदात ड्रॉइंगच्या संख्येपेक्षा व्हिजिट कोणत्या त्या लिहून घेतल्या. पायाचे खड्डे भरण्याआधी, प्लिंथची सळई बांधल्यावर, प्रत्येक स्लॅबच्या आधी. आणि ठेकेदाराच्या करारात एक ओळ टाकली की मॅडमनी लेखी 'ओके' दिल्याशिवाय काँक्रीट टाकायचं नाही, आणि त्यामुळे काम थांबलं तर त्या दिवसाची मजुरी चूक कोणाची निघते त्यावर ठरेल. ही ओळ घालताना ठेकेदार म्हणाला, "एवढं कोण करतं साहेब घरासाठी?" बरोबर आहे, कोणी करत नाही.

ती ओळ पहिल्या स्लॅबच्या दिवशी कामाला आली. पंचवीस माणसं, मिक्सर, लिफ्ट, आईने सगळ्यांसाठी केलेला मसालेभात आणि जिलेबी, आणि आकाशात ढग. मॅडम सकाळी सात वाजता वर चढल्या आणि पाच मिनिटांत खाली आल्या. बीमच्या रिंगांची टोकं नव्वद अंशात वाकवली होती, ड्रॉइंगमध्ये एकशे पस्तीस होती. म्हणजे टोक आतल्या काँक्रीटमध्ये घुसायला हवं होतं, ते नुसतं कडेला टेकलं होतं. भूकंपात वरचं काँक्रीट निखळलं की अशी रिंग उघडते आणि सळई मोकळी होते. शिवाय दोन खोल्यांत खाली कव्हर ब्लॉकच नव्हते, सळई थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर. ती उद्या गंजणार, फुगणार आणि सीलिंगचे पोपडे पाडणार.

ठेकेदार तापला. बाबांचा मला फोन आला. मी स्टँडअप कॉलवर होतो, तो सोडला. बाबांचा आवाज खाली आलेला. "अरे, पाऊस येईल. माणसं बसलीत. होऊ दे का?" मी म्हटलं, मॅडम काय म्हणतात? मागून मॅडमचा शांत आवाज ऐकू आला, "काका, आज झाकलं तर परत कधीच बघता येणार नाही." बाबांनी फोन न ठेवताच ठेकेदाराला सांगितलं, "थांबवा."

सहा तास गेले. फिटरने रिंगा परत वाकवल्या, माणसांनी जिलेबी आधी खाल्ली, स्लॅब दुपारी सुरू होऊन रात्री दिव्यांच्या उजेडात संपला. पाऊस आलाच नाही. (मराठवाड्यातल्या ढगांवर कोणी विश्वास ठेवायचा!) मजुरीवरून दोन दिवस कुरबुर झाली, पण कागदावर लिहिलेलं होतं, मिटलं. आणि एक गंमत म्हणजे दुसऱ्या स्लॅबला सगळ्या रिंगा पहिल्यापासून एकशे पस्तीसच्या निघाल्या. मॅडमना एकही शब्द बोलावा लागला नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांना वाटेल की यात आपला काय संबंध. आहे. रेराच्या कायद्याने ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरल दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, सांगितल्यापासून तीस दिवसांत. चांगली तरतूद आहे. पण दोष आहे हे सिद्ध कोण करणार? बिल्डरच्या पगारावरचा इंजिनियर? महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचे आर्किटेक्ट आणि इंजिनियर कोण ते दिसतं, बुकिंगच्या आधी निदान तेवढं तरी बघा आणि त्यांचं आधीचं काम विचारा. आणि ताबा घेण्याआधी चार-पाच जणांनी मिळून स्वतःचा एक इंजिनियर दोन तास फिरवून आणा, माणशी खर्च एका शनिवारच्या हॉटेलाएवढा येतो. जुन्या सोसायटीत राहत असाल, तर तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ते स्वस्तात स्वस्त कोटेशन देणाऱ्याकडून करून घेऊ नका आणि जिन्यात उभं राहून लिहिलेला रिपोर्ट तर घेऊच नका.

असो. बरंच लांबलं. मॅडमची शेवटची व्हिजिट राहिली आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची. गच्चीवर चार बोटं पाणी साठवून ते दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खाली छताला ओल येते का बघायचं. नळाचं पाणी आमच्या भागात कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून टँकर सांगितलाय. संभाजीनगरात नुसतं गच्चीवर ओतून बघायला टँकर मागवणारे आम्हीच पहिले, असं शेजारच्या काकू आईला म्हणाल्या :-) शनिवारी सकाळी नऊला येतोय म्हणाला आहे. म्हणजे बारा धरू.